धडधड कुणाची, थायरॉईडची की नशेची?

जानेवारी १९६८मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात एक शोधलेख आला. त्यांची एक महिला पत्रकार वजन उतरवून देणाऱ्या दहा डॉक्टरांकडे जाऊन आली होती. बाई मुळातच सडपातळ, उतरवण्यासारखं वजन अंगावर नव्हतंच. तरी दहा ठिकाणांहून मिळून १,४७९ गोळ्या तिच्या हातात पडल्या.

गुलाबी, निळ्या, पिवळ्या, हिरव्या अशा या गोळ्यांना तिकडे ‘रेनबो पिल्स’ म्हणत. रंगांमागे धंद्याचं गणित होतं. प्रत्येक पेशंटला वेगळ्या रंगांचा संच दिला की त्याला वाटावं, हे औषध डॉक्टरांनी खास माझ्यासाठी तयार केलंय. आत मात्र ठरलेलीच मंडळी असायची: ॲम्फेटामाइन हे उत्तेजक औषध, जनावरांच्या वाळवलेल्या थायरॉईड ग्रंथीची पूड, हृदयरोगावरचं डिजिटालिस, लघवी वाढवणारं औषध, जुलाबाचं औषध, आणि या सगळ्यांनी उडवलेली झोप परत आणायला बार्बिच्युरेट.

वरवर पाहिलं तर हिशेब चोख वाटतो. ॲम्फेटामाइन भूक मारतं, थायरॉईड शरीराची भट्टी पेटती ठेवतं, म्हणजे जमा कमी आणि खर्च जास्त. प्रत्यक्षात ॲम्फेटामाइनला शरीर काही आठवड्यांत सरावतं आणि भूक परत येते. थायरॉईडने जे वजन घटतं त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात, हाडंही ठिसूळ होतात. लघवीवाटे आणि जुलाबावाटे पोटॅशियम निघून जातं, आणि पोटॅशियम घटलेल्या शरीरात डिजिटालिस विषासारखं वागतं. त्यात ॲम्फेटामाइन आणि थायरॉईड दोघंही हृदयाला पळवत असतात. ठोक्यांची लय बिघडायला आणखी काय हवं? माणसं दगावली. त्याच वर्षी सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, या गोळ्यांवर कारवाई सुरू केली आणि १९७१मध्ये ॲम्फेटामाइन कडक नियंत्रणाच्या यादीत गेलं.

थायरॉईडचे विकार आणि उत्तेजक अमली पदार्थ यांचं नातं समजून घ्यायला ही गोळ्यांची पुडी चांगली आहे, कारण यात दोन्ही गोष्टी एकत्र होत्या आणि दोन्ही डॉक्टरच्या हातून मिळत होत्या. आज त्या वेगवेगळ्या वाटांनी येतात. शरीरात गेल्यावर मात्र त्यांची गाठ तिथेच पडते.

आधी ग्रंथीबद्दल. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून वीसेक ग्रॅम वजनाची ही ग्रंथी बसलेली असते. ती मुख्यतः टी४ हे हार्मोन बनवते आणि पेशींमध्ये त्याचं टी३ होतं. खरं काम टी३ करतं. ग्रंथीला हुकूम देणारं टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येतं. रक्तात थायरॉईड हार्मोन वाढलं की पिट्युटरी टीएसएच आवरतं घेते, घटलं की वाढवते. म्हणून रिपोर्ट उलटा वाचायचा असतो. टीएसएच वाढलेलं दिसलं तर बहुतेक वेळा थायरॉईड मंदावलेला असतो, आणि टीएसएच जवळजवळ शून्यावर आलं असेल तर तो अतिवेगाने चाललेला असतो. ‘माझा थायरॉईड वाढलाय’ असं सांगणाऱ्या दहापैकी निम्म्या लोकांचा प्रत्यक्षात कमी झालेला असतो, असा माझा आपला अंदाज.

आता उत्तेजकं. कोकेन, ॲम्फेटामाइन, मेथ म्हणजे मेथॲम्फेटामाइन, आणि आपल्याकडे ज्याला ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणतात ते मेफेड्रोन, ही सगळी मज्जातंतूंच्या टोकांशी खेळतात. तिथे नॉरॲड्रेनॅलिन (ॲड्रेनॅलिनचं भावंड) आणि डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचा साठा असतो. ॲम्फेटामाइन, मेथ आणि मेफेड्रोन हा साठा बाहेर ढकलतात. कोकेन वेगळी खोडी करतं: बाहेर पडलेलं रसायन तंतू परत आत ओढून घेतो, ती वाटच बंद करतं. परिणाम सारखाच. हृदय पळतं, रक्तदाब चढतो, बुबुळाची बाहुली मोठी होते, घाम फुटतो, झोप पळते.

हीच यादी थायरॉईड वाढलेल्या, म्हणजे ग्रंथी जादा हार्मोन बनवणाऱ्या माणसाचीही आहे. गंमत अशी, की त्याच्या रक्तात ॲड्रेनॅलिन मोजलं तर ते वाढलेलं नसतं. कधी कधी थोडं कमीच भरतं. मग ही धडधड येते कुठून? थायरॉईड हार्मोन हृदयाच्या पेशींवर ॲड्रेनॅलिन पकडणाऱ्या बीटा रिसेप्टरांची संख्या वाढवतं आणि पेशींचा प्रतिसादही धारदार करतं. गणपती मंडळाच्या साउंड सिस्टीमचा विचार करा. थायरॉईड म्हणजे ॲम्प्लिफायरचं बटण आणि उत्तेजक पदार्थ म्हणजे माईकवर ओरडणारा कार्यकर्ता. बटण वाढवलं तर हळू बोललेलंही दणाणतं, आणि कुणी जोरात ओरडलं तर बटण मध्यावर असूनही कान फाटतात. बटण पूर्ण वर असताना कुणी ओरडला, तर स्पीकरच जातो.

म्हणूनच प्रोप्रॅनोलॉलसारखं बीटा ब्लॉकर थायरॉईडच्या पेशंटला काही तासांत बरं वाटायला लावतं. ग्रंथीतून हार्मोन पूर्वीइतकंच येत राहतं. फक्त हृदयाला ॲड्रेनॅलिन ऐकू येईनासं होतं.

दोन्हींची लक्षणं इतकी सारखी असल्याने गफलत दोन्ही बाजूंनी होते. वीस-बावीस वर्षांचा मुलगा अचानक वाळतो, रात्र रात्र जागा राहतो, बोललं की अंगावर येतो, हात थरथरतात. आई खिसे तपासते, वडील मित्रांची चौकशी करतात. मुलाला निघतो ग्रेव्ह्ज आजार, म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉईडला सतत चिमटे काढून जास्त काम करायला लावते तो विकार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्जने त्याचं वर्णन १८३५मध्ये केलं, म्हणून हे नाव. उलटही होतं. नशा करणारा मुलगा ‘माझं थायरॉईडचं आहे’ म्हणून वेळ मारून नेतो आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात.

फरक ओळखायला डॉक्टर काही जुन्या, बिनखर्चाच्या युक्त्या वापरतात. पहिला प्रश्न भुकेचा. थायरॉईड वाढलेला माणूस दोन पोळ्यांच्या जागी पाच खातो आणि तरी वाळतो. उत्तेजक घेणाऱ्याचं ताट तसंच राहतं. दुसरा प्रश्न काळाचा. नशेची धडधड तासांच्या हिशेबात चढते-उतरते, मध्ये एखादा दिवस माणूस मेल्यासारखा झोपतो. थायरॉईडची धडधड आठवडे, महिने चाललेली असते आणि गाढ झोपेतही नाडी वेगातच राहते. मग पेशंटला हात पुढे पसरायला सांगतात आणि पालथ्या बोटांवर साधा कागद ठेवतात. बोटांची बारीक थरथर डोळ्यांना दिसत नाही, पण कागदाची कड सतत फडफडताना दिसते. नंतर बोट वरून खाली नेत ‘याच्याकडे बघत राहा’ म्हणतात. थायरॉईडमध्ये डोळा खाली जातो, पण वरची पापणी मागे रेंगाळते आणि बुबुळाच्या वर पांढरी पट्टी उघडी पडते. उत्तेजकांत डोळ्याची बाहुली पसरलेली सापडते. गळ्याला हात लावून ग्रंथी सुजलेली आहे का तेही बघतात. यातली एकही खूण एकटीने पुरेशी नाही. शिवाय एकाच माणसात दोन्ही असू शकतात, आणि ही शक्यता घरचेच काय, डॉक्टरही विसरतात.

पुढचा प्रश्न थोडा अवघड आहे. नशेमुळे थायरॉईड बिघडतो का? १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी निरीक्षणात भरपूर ॲम्फेटामाइन घेणाऱ्या काही पेशंटांच्या रक्तात टी४ वाढलेलं आढळलं. खरा हायपरथायरॉईड, म्हणजे ग्रंथीच अतिवेगाने चालण्याचा विकार, असता तर टीएसएच तळाला गेलं असतं. इथे ते गेलं नव्हतं, म्हणजे हुकूम वरूनच, मेंदूकडून वाढून येत होता. नशा थांबल्यावर आकडे आपोआप जाग्यावर आले. यामागची ओढाताण समजण्यासारखी आहे. नॉरॲड्रेनॅलिन मेंदूतून थायरॉईडला जाणारा हुकूम वाढवतं आणि डोपामिन पिट्युटरीतलं टीएसएच दाबतं. उत्तेजक पदार्थ दोन्ही एकदम वाढवतात. कोण जिंकेल हे डोस, किती दिवस चाललंय, शेवटचं कधी घेतलं यावर ठरतं. त्यामुळे कोकेन घेणाऱ्यांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी पटत नाहीत. ‘नशेने थायरॉईड होतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या व्हिडिओवर विश्वास ठेवू नका. तात्पुरते आकडे हलतात, एवढंच म्हणता येतं.

याचा व्यवहारातला अर्थ मात्र महत्त्वाचा आहे. नशेच्या भरात किंवा तीव्र मानसिक अस्वस्थतेत भरती झालेल्या माणसाच्या पहिल्या दिवशीच्या थायरॉईड रिपोर्टवरून निदानाचा शिक्का मारायचा नसतो. टी४चं रक्तातलं अर्धं प्रमाण उतरायला साधारण आठवडा लागतो, आणि टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे. चाचणी तेवढ्या अंतराने परत करायची असते.

खरी भीती आहे ती थायरॉईडच्या वादळाची. डॉक्टरी भाषेतही त्याला ‘थायरॉईड स्टॉर्म’च म्हणतात. वाढलेला थायरॉईड आधीपासून असतो, बहुतेकदा निदान न झालेला किंवा औषध अर्धवट सोडलेला. त्यावर एखादं निमित्त होतं: जंतुसंसर्ग, ऑपरेशन, बाळंतपण, किंवा कोकेन-ॲम्फेटामाइनचा डोस. ताप चढतो, नाडी दीडशेकडे जाते, उलट्या-जुलाब, बरळणं, आणि मग हृदय हार मानतं. योग्य उपचार मिळूनही दहातला एखादा माणूस वाचत नाही.

अशा वेळी कॅज्युअल्टीत समोर बसलेल्या डॉक्टरची काय पंचाईत होते ती बघा. थायरॉईडच्या वादळात बीटा ब्लॉकर हे हाताशी धरायचं पहिलं औषध. कोकेनच्या विषबाधेत तेच द्यायला डॉक्टर कचरतात, कारण बीटा बंद झाल्यावर कोकेनचा सगळा जोर रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अल्फा रिसेप्टरांवर येण्याची भीती असते. तिथे आधी डायझेपामच्या घराण्यातलं शांत करणारं औषध देतात. ॲस्पिरिनचंही तसंच. कोकेननंतर छातीत दुखत असेल तर ॲस्पिरिन देतात. थायरॉईडच्या वादळात ते टाळतात, कारण रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसलेलं थायरॉईड हार्मोन ते मोकळं करतं. अँजिओग्राफी करायची म्हटलं तर तिच्या रंगद्रव्यात आयोडीन, आणि आधीच भडकलेला थायरॉईड आयोडीनने आणखी भडकू शकतो. पेशंट एकच, धडधड एकच, आणि औषधं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभी. बरोबर आलेला मित्र मात्र भिंतीला टेकून सांगत असतो, ‘काही नाही हो डॉक्टर, बाहेरचं खाल्लं.’

ज्या पार्ट्यांमध्ये एक्स्टसी या उत्तेजक नशेच्या गोळ्या चालतात तिथे आणखी एक धोका असतो, अंग तापण्याचा. शरीराचं तापमान ४१-४२ अंशांवर गेल्याने माणसं मेल्याच्या नोंदी आहेत. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत थायरॉईड काढून टाकलेल्या उंदरांना एक्स्टसी दिली, तर त्यांचं अंग तापलंच नाही. म्हणजे त्या आगीला थायरॉईड हार्मोनचं सरपण लागतं. उंदरावरून माणसाबद्दल सरळ उडी मारता येत नाही, पण ज्याचा थायरॉईड आधीच वर आहे त्याने अशा गोळीच्या जवळपासही जाऊ नये, हे सांगायला एवढं पुरे.

आपल्याकडे यातलं काय आहे? मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आलं, पण थांबलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतून शेकडो किलो एमडी पकडलं, हे अनेकांना आठवत असेल. दुसरी वाट जिममधून जाते, आणि तिला कुणी नशा म्हणत नाही. स्पर्धेआधी चरबी उतरवायच्या काळाला तिथे ‘कटिंग’ म्हणतात. त्यात टी३च्या गोळ्या आणि क्लेनब्युटेरॉल, म्हणजे जिमच्या भाषेत ‘क्लेन’, यांची जोडी सुचवली जाते. क्लेन हे दमा आणि घोड्यांच्या श्वसनविकारावरचं औषध. ते बीटा रिसेप्टरांना थेट डिवचतं आणि टी३ त्यांची संख्या वाढवतं. १९६८ची ती रंगीत पुडीच पुन्हा बांधली म्हणायची, फक्त डॉक्टरऐवजी आता ट्रेनर किंवा टेलिग्रामवरचा कुणी देतो. लेव्होथायरॉक्सिनच्या, म्हणजे मंद थायरॉईडवर देतात त्या टी४च्या गोळीच्या, अमेरिकी माहितीपत्रकावर ठळक चौकटीत लिहिलेलं असतं की हे औषध वजन घटवण्यासाठी वापरू नये, मोठ्या डोसमध्ये ते जीवघेणं ठरू शकतं.

चोरून थायरॉईडच्या गोळ्या खाणारा माणूस रिपोर्टवरून सापडतो. टी३-टी४ वाढलेलं, टीएसएच तळाला, पण स्कॅनमध्ये ग्रंथी गप्प, आणि ग्रंथीतून येणारं थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन जेमतेम. बाहेरून माल येत असल्यावर कारखाना बंद पडणारच. जिमवाल्यांच्या बाबतीत आणखी एक चकवा असतो. केस-नखांसाठी किंवा सप्लिमेंटमधून बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात घेतलं असेल, तर काही प्रयोगशाळांच्या चाचण्यांत थायरॉईड वाढल्याचा खोटाच रिपोर्ट येतो. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवावं.

कोकेनबाबत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्यात भेसळ म्हणून जंतांवरचं लेव्हामिसोल मिसळतात. २००९च्या सुमारास अमेरिकेत पकडलेल्या कोकेनपैकी बहुतांश मालात ते सापडत होतं. लेव्हामिसोलमुळे काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. वाढलेल्या थायरॉईडवरचं कार्बिमॅझोल हे औषधही क्वचित, हजारात दोन-चार जणांत, नेमकं हेच करतं. म्हणून ते घेणाऱ्यांना बजावलेलं असतं, ‘ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं तर गोळी बंद करून त्याच दिवशी रक्त तपासा.’ ज्याच्या बाबतीत दोन्ही कारणं हजर आहेत, त्याच्यासाठी साधा घसादुखीचा आजारही दवाखान्यात धावायचा विषय आहे.

अजून मंदावलेल्या थायरॉईडबद्दल बोललो नाही, आणि आकड्याने तोच मोठा आहे. मुंबई आणि गोव्यासह भारतातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांचा थायरॉईड मंद निघाला. थकवा, जडपणा, सुस्ती, वाढतं वजन, उदास मन अशी त्याची लक्षणं. आता मेथ किंवा एमडी सोडलेल्या माणसाचे पहिले आठवडे आठवा: दिवसभर झोप, खा-खा, मनावर मळभ, काही करावंसं वाटत नाही. चित्र इतकं जुळतं की घरचे म्हणतात, ‘थायरॉईड बघून घ्या.’ बघावाच, त्यात चूक काही नाही. नशा सोडल्यानंतरची मरगळ हळूहळू उतरते. थायरॉईडची मरगळ गोळीशिवाय उतरत नाही. एखाद्याचा थायरॉईड खरंच मंद असेल आणि ते कुणी तपासलंच नसेल, तर ‘त्या पावडरशिवाय मला उठवतच नाही’ हे त्याचं म्हणणं निव्वळ बहाणा नसू शकतं, आणि उपचाराविना तो पुन्हा पावडरकडे वळण्याची शक्यता वाढते.

कायदेशीर उत्तेजकांचाही उल्लेख करायला हवा. एकाग्रतेच्या विकारावर मुलांना आणि मोठ्यांना मेथिलफेनिडेट दिलं जातं आणि नीट देखरेखीखाली ते उपयोगी औषध आहे. थायरॉईड वाढलेला असताना मात्र ते देत नाहीत, तेव्हा सुरू करण्याआधी थायरॉईडचा काही त्रास असल्यास सांगावा. सिगारेट ओढणाऱ्या ग्रेव्ह्जच्या पेशंटांचे डोळे बाहेर येण्याचा त्रास जास्त होतो आणि उपचारांना दादही कमी देतो. चहा-कॉफीने लेव्होथायरॉक्सिनचं शोषण घटतं, म्हणून सकाळची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाला अर्धा-पाऊण तास थांबवायचं.

डॉक्टरसमोर काय बोलायचं, याचा धसका अनेकांना असतो. काय घेतलं, शेवटचं कधी घेतलं, थायरॉईडची गोळी चालू आहे की मध्येच सोडली, जिमचं काही चालू आहे का, एवढं सांगितलं तर डॉक्टरचं अर्धं काम होतं. नशा तपासणाऱ्या लघवीच्या साध्या पट्टीवर विसंबू नका. तिच्यात मेफेड्रोन सापडेलच असं नाही, आणि सर्दीच्या काही औषधांनी खोटा पॉझिटिव्हही येतो. पोलिसांचं भय असेल तर एवढं माहीत असू द्या: स्वतःहून व्यसनमुक्तीच्या उपचारांना जाणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हेच काम करतं आहे. तिथे किंवा कुठेही भरती होताना थायरॉईडचे जुने रिपोर्ट असतील तर फाइलमध्ये घालून न्या, आणि पहिली चाचणी बिघडलेली आली तर दीड महिन्याने दुसरी करायची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या.